निकामीची चिठ्ठी

माझं अक्षर चांगलं आहे. कौतुक म्हणून सांगत नाही. त्या अक्षराने एका माणसाचं वाटोळं केलं म्हणून सांगतोय. चिठ्ठीत चार ओळी होत्या आणि खाली माझी सही. ती मिलच्या फायलीत अजून असेल. माझ्या डोक्यातून तर ती जायचं नावच घेत नाही.

मिल सुरतच्या पांडेसऱ्यातली, पॉलिएस्टरचं कापड रंगवायची. नाव लिहीत नाही, लिहून आता कुणाचं काही उजळणार नाही. माझे वडील तिथेच फोल्डिंग खात्यात उभ्या उभ्या कापडाच्या घड्या घालत गुडघे घालवून बसले. मी कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला आणि बाप ज्या गेटातून डबा घेऊन आत जायचा त्याच गेटातून लॅपटॉपची बॅग घेऊन आत जायला लागलो. घरच्यांना वाटलं, पोरगा वर गेला. वर म्हणजे काय, तर ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, एवढंच. बिलिंगचे कॉम्प्युटर, रंग जुळवायच्या लॅबमधलं यंत्र, अंगठा लावून हजेरी घ्यायचं मशीन, खात्याखात्यातले कॅमेरे, सगळं माझ्या गळ्यात. कुणाचा टेबलफॅन फिरेना झाला तरी हाक मलाच.

नोकरी लावली ती आप्पांनी. आप्पा माझ्या आईच्या गावचे, अमळनेरकडचे. नात्याने कुणी नाहीत, पण सुरतेत गावचा माणूस म्हणजे नातंच. बावीस वर्षं ते जेट मशीनवर होते. जेट म्हणजे एक मोठा बंद पिंप समजा. आत कापड आणि रंगाचं पाणी, आणि ते पाणी उकळत्या पाण्याहूनही जास्त तापवतात, दाबाखाली. आप्पांनी मॅनेजरपुढे उभं राहून सांगितलं होतं, पोरगा हुशार आहे, अक्षर चांगलं आहे, घ्या. हो, अक्षराची शिफारस त्यांनीच केली होती.

पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला मिलची रीत शिकवली. मिलचं स्टोअर, म्हणजे सुट्या सामानाचं कोठार, नवी वस्तू कधीच सरळ देत नसे. जुनी वस्तू कामाची राहिली नाही असं लेखी द्यायचं, त्यावर खातेप्रमुखाची सही घ्यायची, ती चिठ्ठी स्टोअरात लावायची, मग कधीतरी नवी. त्या चिठ्ठीला सगळे निकामीची चिठ्ठी म्हणायचे. आता एखादं बेरिंग आवाज करतंय, अजून दोन महिने चालेल, असं खरं खरं लिहिलं तर स्टोअरवाला म्हणायचा, मग चालवा दोन महिने. म्हणून फिटर काय करायचे, बेरिंग गुणगुणायला लागलं की लिहून टाकायचे, बेरिंग निकामी, मशीन बंद पडण्याची भीती. पंप पाणी फेकत असायचा आणि कागदावर पंप मेलेला असायचा. आप्पा मला म्हणाले होते, "आर्धं खराब लिखं ते काहीच भेटत नही. निकामीच लिख." सगळी मिल असंच लिहायची. त्यात खोटं बोलतोय असं कुणाला वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आधी एका तयार डब्यात व्हायचं. तो डबा सारखा अडकायचा, म्हणून मी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि त्यात आठ टेराबाइटची एक मोठी डिस्क बसवली. सगळ्या खात्यांचं पंधरा-वीस दिवसांचं चित्रण त्यात मावायचं, मग जुन्यावर नवं चढायचं. ते मशीन मी स्वतः उभं केलेलं, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव होता. मिलमध्ये माझं म्हणता येईल असं तेवढं एकच होतं.

थंडीत एक दिवस मॅनेजरने जेट खात्याचं मागच्या दिवशीचं चित्रण बघायला मागितलं, तर मधली दहा-दहा मिनिटं गायब. मी काळा पडदा उघडला. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथे चित्रं, बटणं काही नसतात. हुकूम टाइप करायचा आणि मशीन जे सांगेल ते वाचायचं. आधी यंत्राची आतली नोंदवही काढली. ओळीमागून ओळ तेच, डिस्क उत्तर देत नाही, जोडणी पुन्हा करतोय, वाचता आलं नाही. मग स्मार्टसीटीएल नावाचा हुकूम दिला. तो डिस्कला तिची तब्येत विचारतो आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे सांगते. वर लिहून आलं, तब्येत पास. खाली तक्ता. त्यात वाचनातल्या चुका या नावापुढे आकडा होता पंधरा कोटींच्या घरातला.

माझी तर पाचावर धारण बसली. पंधरा कोटी चुका! वर पास म्हणतेय आणि खाली पंधरा कोटी. मला वाटलं, ही डिस्क मिलसारखीच आहे, वरच्या कागदावर सगळं छान आणि आत बोंब. तसाच उठलो, स्टोअरची चिठ्ठी घेतली आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: कॅमेऱ्यांची हार्ड डिस्क पूर्णपणे निकामी. वाचनात कोट्यवधी चुका. हिच्यावरच्या कोणत्याही रेकॉर्डिंगचा भरवसा धरता येणार नाही. ताबडतोब नवी द्यावी. खाली सही, आणि चिठ्ठी स्टोअरात लावून आलो. तिसरी ओळ लिहिताना मला मजा आली होती, हे आज कबूल करतो. आप्पांनी शिकवलं होतं तसं अर्धं न लिहिता पूर्ण लिहिलं होतं.

मग दोन दिवसांनी डोकं ठिकाणावर आलं तेव्हा मी नीट बघायला बसलो. त्या बनावटीच्या डिस्कमध्ये त्या एका आकड्यात दोन आकडे एकमेकांना चिकटवून ठेवलेले असतात. किती वेळा वाचलं हा एक, आणि त्यात किती वेळा चुकलं हा दुसरा. वेगळे करायची रीत आहे. केले. पंधरा कोटी वेळा वाचलं होतं आणि चुका शून्य. मी कामाची मोजदाद चूक म्हणून वाचली होती. खराब झालेल्या जागा शून्य, संशयातल्या जागा शून्य. मोठी तपासणी लावली, ती डिस्क स्वतःचा प्रत्येक कोपरा वाचून बघते, तिला अख्खा दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघितलं, एकही चूक न होता पूर्ण.

मग मधली दहा मिनिटं गेली कुठे? तक्त्यात खाली आणखी एक आकडा होता, दोनशे बारा. डिस्क आणि मशीन यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या निरोपांचा तो आकडा. म्हणजे डिस्क धडधाकट, वायर सडकी. खालच्या जेट खात्यातून वर येणाऱ्या वाफेने ऑफिसातलं सगळंच सडायचं. माझ्या खणात एक नवी वायर पडून होती, ती लावली. तो दोनशे बाराचा आकडा नंतर कधी कमी झाला नाही, तो होतच नाही, डिस्क झालेलं विसरत नाही. पण पुढे एकानेही वाढला नाही. तेवढ्यावरून समजायचं की दुखणं गेलं. तिथून पुढे चित्रणात एक मिनिटाचीही फट पडली नाही.

आणि चिठ्ठी? चिठ्ठी मी परत घेतली नाही. परत घ्यायला खाली जाऊन स्टोअरवाल्याला सांगावं लागलं असतं की मी आकडा चुकीचा वाचला, सगळी मिल हसली असती. कॉम्प्युटरवाल्याला आकडा वाचता येत नाही म्हणून चहाच्या टपरीवर माझी शोभा झाली असती. शिवाय मनात होतंच की मिळाली नवी डिस्क तर बरंच आहे, दोन होतील. तर नवी डिस्कही आली नाही आणि चिठ्ठीही तशीच राहिली. दर महिन्याला मी विचारायचो आणि स्टोअरवाला म्हणायचा, चालतंय ना, मग कशाला.

पाच महिने गेले. एप्रिल संपत आला होता. सकाळची पाळी, अकराचा सुमार. खालून ओरडा ऐकू आला आणि मग खात्यातली माणसं सैरावैरा बाहेर पळताना दिसली. आप्पांच्या जेटचं झाकण उघडलं होतं आणि आतलं तापलेलं पाणी दाबाने बाहेर आलं होतं, थेट त्यांच्या अंगावर. दोन्ही हात, मान, चेहऱ्याची एक बाजू. त्यांना टेम्पोत घालून नेलं तेव्हा मी जिन्यातच उभा होतो. माझ्याने खाली जाववलं नाही.

दुपारपर्यंत खात्यात एकच वाक्य फिरायला लागलं होतं, आप्पाने घाईत झाकण उघडलं. बावीस वर्षं जेटवर असलेला माणूस. झाकणाला कुलूप असतं आणि आतला दाब उतरल्याशिवाय ते सुटत नाही, हे तिथला झाडूवाला माणूसही सांगेल. मला राहवलं नाही. मी मशीनपुढे बसलो आणि अकराच्या आसपासचं चित्रण काढलं.

स्वच्छ दिसत होतं. रंगाई मास्टर जेटपाशी आला. मास्टर म्हणजे त्या खात्याचा मुख्य. त्याने घड्याळाकडे बोट केलं. आप्पांनी मान हलवली, हाताने थांबा अशी खूण केली. मास्टर पुढे झाला, खिशातून पक्कड काढली, कुलपाची पट्टी स्वतःच्या हाताने सोडवली, मागे सरला आणि आप्पांना हात केला, उघड. आप्पा दोन क्षण नुसते उभे राहिले. मग त्यांनी झाकणाला हात घातला. पुढचं मी बंद केलं. सगळं मिळून पाऊण मिनिट असेल.

माझ्या खिशात पेन ड्राइव्ह होता. हे मला लिहायलाच हवं. पाऊण मिनिटाचं चित्रण पेन ड्राइव्हवर घ्यायला घोटभर चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. मी हुकूम टाइप करायला हात उचलला आणि दारात मॅनेजर उभा. त्याच्या हातात खोकं होतं. "नवी डिस्क आवी गई छे. जूनी काढीने स्टोरमां जमा करावी दो." पाच महिने जी मागून मिळत नव्हती ती त्या दुपारी चार वाजता माझ्या टेबलावर. सोबत माझी चिठ्ठी, वर मॅनेजरची ताजी सही. तो तिथेच उभा राहिला, मी पडदा बंद करून स्क्रू काढेपर्यंत.

मी काय बोलावं? जुनी डिस्क चांगली आहे साहेब, असं म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, मग हे कुणी लिहिलं. मी स्क्रू काढत राहिलो. मनाला सांगितलं, डिस्क कुठे जातेय, स्टोअरात तर पडून राहणार, उद्या-परवा गुपचूप लावून काढून घेऊ. तिची तब्येत माझ्याइतकी कुणाला माहीत होती? तिला काही होणार नव्हतं. असल्या समजुती काढायला माणूस फार हुशार असतो, मी तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिटरच्या शेडवरून जात होतो. उभ्या ड्रिलखाली माझी डिस्क. आरपार तीन भोकं पडलेली, चौथं चालू. फिटर म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, निकामी डिस्क भंगारात द्यायच्या आधी भोकं पाडायची, मिलची माहिती बाहेर जायला नको. त्याची काय चूक, त्याच्या हातात चिठ्ठी होती. मी तिथे उभा राहून धातूचा कीस खाली पडताना बघितला आणि ऑफिसात येऊन बिलिंगचा प्रिंटर दुरुस्त केला.

आठ दिवसांनी कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी साहेब आले. मॅनेजरच्या केबिनमध्ये मला बोलावलं. मास्टर कोपऱ्यात बसला होता, पायावर पाय टाकून. साहेबांनी चिठ्ठी पुढे केली. "आ अक्षर तमारा छे?" मी म्हणालो, हो. तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती, म्हणजे अपघातासाठी बनवलेली नाही हे उघड. साहेबांनी विचारलं, डिस्क खराब होती? मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता. त्याला बघायची गरजच नव्हती. मी म्हणालो, "तेव्हा मी तसं लिहिलं होतं, साहेब."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. मूग गिळून बसणं म्हणतात ते मी केलं, पण बोलून केलं. साहेबांनी लिहून घेतलं, चित्रण उपलब्ध नाही, यंत्र आधीपासून नादुरुस्त. चहा आला. मलाही एक कप दिला आणि मी तो प्यालो. त्या चहाची आठवण झाली की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते, दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

आप्पा सरकारी दवाखान्यात होते. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. मी दोनदा जाऊन बाहेरूनच परत आलो, तिसऱ्यांदा जिजीनेच मला पायऱ्यांवर गाठलं. ती मिलच्या लोकांकडून सगळं ऐकून आली होती. रडत नव्हती. सरळ विचारलं, "तू लिखं का रे ते?"

मी सगळं सांगितलं. आकडा कसा चुकीचा वाचला, वायर कशी बदलली, चिठ्ठी का परत घेतली नाही, पडद्यावर काय बघितलं. तिला डिस्क-बिस्क काय कळणार, असं मला वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तू डोळ्यांनी बघितलंस ना? मी म्हणालो, हो. "मग सांगत का नही?" मी म्हणालो, सांगतो. तिने मान हलवली आणि आत गेली. एरवीसारखं भाऊ नाही म्हणाली, बाबा नाही म्हणाली. पूर्वी दारात दिसलो की चहा टाकायची ती बाई.

मी गेलो. उशीर केला, पण गेलो, हे माझ्या बाजूने बोलायचं तेवढं एकच आहे. सरकारी कचेरीत साहेबांसमोर बसून नवा कागद लिहिला, जे घडलं ते सगळं, दीड पान. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. वायर बदलल्यानंतर मी दर सोमवारी डिस्कची तब्येत विचारून तो तक्ता माझ्या लॅपटॉपवर साठवत असे, सवयच आहे मला. अपघाताच्या आधीच्या सोमवारचा तक्ता छापून नेला होता. त्यावर पास लिहिलेलं, मोठी तपासणी चूक न होता पूर्ण झाल्याचं लिहिलेलं, दोनशे बारा तिथेच थांबलेला.

साहेबांनी चष्मा लावून तो कागद वाचला. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. म्हणाले, हे काय, वाचनातल्या चुका, आणि पुढे एकवीस कोटी?

मी समजावायला लागलो. साहेब, तो आकडा तसा नाही, त्यात दोन आकडे चिकटलेले असतात, वेगळे केले की चुका शून्य निघतात. मी पेनाने करून दाखवायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चांगले सभ्य गृहस्थ होते, आवाजही चढवला नाही. त्यांनी फायलीतून माझी जुनी चिठ्ठी काढली आणि नव्या कागदाशेजारी ठेवली. म्हणाले, भाई, पाच महिन्यांपूर्वी कोट्यवधी चुका आहेत असं तुम्हीच लिहिलंत, सही तुमची. मी विचारलं तेव्हाही तुम्ही नाही म्हणाला नाहीत. आज तुमचाच तक्ता म्हणतो की चुका वाढल्यात, आणि तुम्ही म्हणता शून्य. डिस्क कुठे आहे? मी म्हणालो, भोकं पाडून भंगारात गेली. त्यांनी चष्मा काढला. "कयो कागळ साचो मानुं?" कुठला कागद खरा मानू, हे त्यांनी खरंच विचारलं होतं.

माझा दीड पानांचा कागद त्यांनी फायलीला जोडला. त्याने काहीही झालं नाही, एवढंच झालं की त्या आठवड्यात मिलने मला काढलं. कारण दिलं, उपकरणांबद्दल परस्परविरोधी अहवाल. ते कारण मात्र बरोबर होतं. आता मी सुरतेबाहेर कडोदऱ्याला दोन-तीन लूमवाल्यांचे कॉम्प्युटर बघतो. डिस्कची तक्रार आली की मी आकडे दोनदा वाचतो आणि जेवढं असेल तेवढंच लिहितो, चांगलं तर चांगलं, अर्धं खराब तर अर्धं खराब. मालक वैतागतात, म्हणतात एक काय ते सांगा. या शहाणपणाचा आता कुणाला काय उपयोग, हे मला कुणी सांगायला नको.

पावसाळा संपता संपता आप्पांचा निरोप आला, येऊन जा. ते खोली सोडून गावी चालले होते. सामान बांधलेलं, गॅसची शेगडी तेवढी बाहेर. जिजी दारात बसून होती, मला बघून बाजूला सरली. आप्पा खाटेवर. चेहऱ्याची एक बाजू वेगळ्याच रंगाची झालेली, आणि हात. बोटं आत वळून चिकटल्यासारखी झाली होती, दोन्ही हातांची. त्यांनी मनगटाने एक कागद माझ्याकडे सरकवला.

मिलचा कागद होता. प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर मिल सही करायला तयार होती, पण आधी हा द्यायचा. आप्पा म्हणाले, "माले वाचता येस. पन तू वाच." मी मोठ्याने वाचलं. अपघात माझ्या स्वतःच्या घाईने आणि निष्काळजीपणाने झाला. त्यात कंपनीचा किंवा कंपनीच्या कोणत्याही अधिकाऱ्याचा दोष नाही. माझी कसलीही तक्रार नाही आणि पुढे राहणार नाही. खाली सहीची जागा, शेजारी साक्षीदाराची.

मी म्हणालो, आप्पा, हे देऊ नका. मी पुन्हा जातो साहेबांकडे, वर जातो, वकील बघतो. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "कोना जोरवर?" त्यांनी विचारलं. घराण्याचं नाव घालवणारा कागद आहे, बावीस वर्षांच्या कामावर थुंकणारा कागद आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ज्या मशीनला ते आंघोळ घातल्यासारखं पुसायचे त्या मशीनवर निष्काळजीपणा.

मग मी चिठ्ठीचा विषय काढला. माफी मागायची म्हणून आलो होतो, वाक्यं जुळवून आलो होतो. त्यांनी ती पुरी होऊच दिली नाहीत. म्हणाले, "मीच सांगेल व्हतं ना तुले, निकामीच लिख." एवढं बोलून ते दाराकडे बघायला लागले. जिजीने पदर तोंडाला लावला आणि उठून आत गेली.

सही कशी करणार, मी विचारलं. पेन त्यांच्या बोटांत राहत नव्हतं. अंगठा म्हणावा तर दोन्ही अंगठ्यांची कातडी गेलेली. मिलमध्ये त्यांना हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवायला लावला होता आणि मशीनने त्यांना ओळखलं नाही. ते मशीन मीच बसवलेलं. मॅनेजर म्हणाला होता, ओळखीच्या माणसाकडून नाव लिहून घ्या, त्यालाच साक्षीदार करा, चालशे.

"तूच लिख," आप्पा म्हणाले. "तुनं अक्षर त्यासले पटस."

मी म्हणालो, दुसऱ्या कुणाकडून घ्या आप्पा, मला हे करायला लावू नका. संध्याकाळची गाडी होती. जिजी आतून भांडी पोत्यात भरत होती, त्यांचा आवाज येत होता. मी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर घेतला आणि सहीच्या जागी त्यांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग शेजारी माझी सही केली. अक्षर चांगलं आलं.